खाटेवरून वाटेवर: जुनाट श्वसनरोगाच्या उपचाराचा इतिहास

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जुनाट श्वसनरोगाने धाप लागणाऱ्या रुग्णाला पाश्चात्त्य वैद्यकाकडून मिळणारा मुख्य सल्ला विश्रांतीचा होता. चालल्याने दम लागतो तर चालू नये, जिना चढल्याने छाती भरते तर खालच्या मजल्यावरच राहावे, हा विचार वरकरणी इतका सरळ होता की तो तपासून पाहावा असे फारसे कोणाला वाटले नाही. या समजुतीला मोजमापाच्या रीतीनेही बळ दिले. लंडनचे वैद्य जॉन हचिन्सन यांनी 1846 मध्ये स्पायरोमीटर, म्हणजे एका दमात सोडलेली हवा मोजणारे यंत्र, वापरून 2000हून अधिक माणसांची मापे प्रसिद्ध केली, आणि पुढे आजाराची तीव्रता अशाच आकड्यांवरून ठरवण्याची पद्धत रूढ झाली. एम्फिसेमा या विकारात फुप्फुसातील वायुकोशांच्या भिंती झिजतात आणि झिजलेल्या भिंती पुन्हा उभ्या राहत नाहीत, त्यामुळे यंत्रावरचा आकडा सुधारण्याची आशा नसे. आकडा हलत नाही म्हणून रुग्णासाठी करण्यासारखे काही उरलेले नाही, असा चुकीचा आणि क्रूर निष्कर्ष त्यातून निघत राहिला.

विश्रांतीने प्रत्यक्षात घडत होते ते उलटेच. हालचाल थांबली की मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू रोडावतात, रोडावलेले स्नायू थोड्या श्रमातही लवकर आम्लता निर्माण करतात, ती आम्लता निस्तरण्यासाठी श्वास अधिक वेगाने घ्यावा लागतो, आणि धाप वाढली की माणूस आणखी खाट धरतो. न्यूयॉर्कचे अल्व्हन बराक यांनी 1952 मध्ये सहकाऱ्यांसह असे नोंदवले की अशा रुग्णांना क्रमाक्रमाने चालण्याचा सराव दिला, तर त्यांची चालण्याची ताकद वाढते. या निरीक्षणाकडे त्या काळी म्हणावे तसे लक्ष गेले नाही.

खरे वळण आले ते डेन्व्हर या शहरात. समुद्रसपाटीपासून सुमारे 1600 मीटर उंचीवरच्या या गावी हवा विरळ असल्याने रक्तातील प्राणवायूची तूट लवकर उघडी पडते, आणि कोलोरॅडो विद्यापीठातील थॉमस पेटी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960च्या दशकात नेमकी ही तूट भरून काढण्याचा प्रयत्न केला. द्रवरूप प्राणवायूच्या एका लिटरपासून सुमारे 860 लिटर वायू मिळतो; म्हणून जड लोखंडी नळकांड्याऐवजी खांद्याला अडकवता येणारे छोटे पात्र पुरेसे ठरले आणि प्राणवायू रुग्णाबरोबर घराबाहेर पडला. त्याच्या जोडीला चालण्याचा सराव आणि श्वासाची शिकवण होती: नाकाने श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून, शीळ घालावी तसा, तो सावकाश सोडायचा. चंबूमुळे आतल्या हवेचा दाब टिकतो आणि एरवी श्वास सोडताना मिटून जाणाऱ्या बारीक श्वासनलिका उघड्या राहतात. पेटी यांच्या गटाने 1969 मध्ये हा सारा कार्यक्रम प्रसिद्ध केला, आणि आज ज्याला श्वसन पुनर्वसन म्हणतात त्याचा पाया घातला गेला. प्राणवायूच्या बाजूचा निर्णायक पुरावा पुढे उत्तर अमेरिकेतील 203 रुग्णांच्या (1980) आणि ब्रिटनमधील 87 रुग्णांच्या (1981) चाचण्यांनी दिला: रक्तात प्राणवायू फार कमी असलेल्यांनी तो दिवसातून किमान 15 तास घेतल्यास आयुष्य वाढते.

तरीही एक अडचण राहिलीच. पुनर्वसनानंतर रुग्ण जास्त चालत, कमी घाबरत, स्वतःचे कपडे स्वतः घालत; पण स्पायरोमीटरचा आकडा जवळपास होता तिथेच राही. मग मापच बदलावे लागले. कॅनडातील गॉर्डन गायट व सहकाऱ्यांनी 1987 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रश्नावलीत रुग्णालाच विचारले जाते की रोजच्या कोणत्या 5 महत्त्वाच्या कामांत त्याला धाप लागते, आणि उपचारानंतर त्याच कामांविषयी पुन्हा विचारून फरक नोंदवला जातो. वैद्यकाच्या इतिहासात ही लहान गोष्ट नव्हे, कारण इथे आजार किती आहे हे सांगण्याचा अधिकार यंत्राकडून माणसाकडे आला.

भारतात या प्रश्नाला चुलीचा धूर जोडलेला आहे. हृदयरोगतज्ज्ञ एस. पद्मावती यांनी 1959 मध्ये दिल्लीतील 127 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फुप्फुसाच्या दीर्घ आजाराने हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येणाऱ्या या विकारात स्त्रियांचे लक्षणीय प्रमाण दाखवून त्यांनी स्वयंपाकघरातील धुराकडे बोट दाखवले. महाराष्ट्राच्या खेड्यातील अशा एखाद्या स्त्रीने आपली 5 कामे सांगायची ठरवली, तर त्यांत पाण्याचा हंडा उचलणे, भाकऱ्या थापणे आणि धुणे पिळणे येईल, आणि तिचा उपचार सफल झाला की नाही हे याच कामांवरून ठरले पाहिजे. घरी प्राणवायूची सोय करणे अनेक कुटुंबांना परवडत नाही हे खरे; पण रुग्णाची चालण्याची ताकद मोजायला फारसा खर्च येत नाही: 1982 पासून प्रचारात आलेल्या सहा मिनिटे चालण्याच्या चाचणीला सुमारे 30 मीटरचा सपाट मार्ग, दोन टोकांना दोन खुणा, एक घड्याळ, नाडी व प्राणवायू पाहणारा बोटाला लावायचा चिमटा आणि दम लागल्यास टेकायला एक खुर्ची, एवढेच लागते.