तेरावी तार कुठली?

जुना कॉम्प्युटर कधी उघडून पाहिला असेल, तर आतली ती करड्या रंगाची चपटी पट्टी आठवत असेल. रिबन केबल. फ्लॉपी ड्राइव्हच्या पट्टीत ३४ तारा, एकमेकींना चिकटलेल्या, दर १.२७ मिलिमीटरला एक. दिसायला सगळ्या सारख्या. मग त्यांतली तेरावी कुठली, हे आपण कसं ठरवायचं?

लायब्नित्सचं म्हणणं असं, की दोन वस्तूंत कसलाच फरक नसेल तर त्या दोन नव्हेतच. इथे फरक आहे तो फक्त जागेचा, पंगतीत बसलेल्यांसारखा. पण पंगत मोजायची कुठल्या टोकापासून? म्हणून कडेच्या एका तारेवर लाल रेघ: ती पहिली. बाकी ३३ जणींना खूण नाही. रंगीबेरंगी पट्टीही मिळते, रेझिस्टरच्याच क्रमाची: तपकिरी एक, लाल दोन, असं करत काळी दहावी. पण अकरावी पुन्हा तपकिरीच! मोजणं काही सुटत नाही.

आता आयबीएमची गंमत बघा. १९८१ साली त्यांचा पीसी आला. एका पट्टीवर दोन फ्लॉपी ड्राइव्ह. कोण पहिला, कोण दुसरा, हे एरवी प्रत्येक ड्राइव्हवर जंपर लावून सांगावं लागे. आयबीएमने दोन्हींचे जंपर 'दुसरा' म्हणूनच लावले, आणि टोकाच्या कनेक्टरआधी १० ते १६ या सात तारा उलट्या पिळल्या. दहावी सोळावीच्या जागी, बारावी चौदाव्या. तेरावी मधली, ती जागच्या जागी. ड्राइव्ह निवडणं आणि मोटर चालू करणं हे संदेश याच चार सम तारांवर असतात. विषम तारा सगळ्या ग्राउंड, त्या उलटल्या तरी बिघडत नाही. झालं! टोकाचा ड्राइव्ह 'ए', मधला 'बी'. नाव ड्राइव्हचं नव्हे, जागेचं. आमच्या मते ही युक्ती कुठल्याही तर्कग्रंथात शोभावी. मात्र मल्टिमीटर घेऊन बसलेल्या नवख्याला दहाव्या तारेचं दुसरं टोक सोळाव्या जागी सापडतं, आणि तो चांगली केबल फेकून देतो.

हार्ड डिस्कच्या ४० पिनांच्या पट्टीचं पुढे असंच झालं. वेग वाढला तशा तारा ८० झाल्या. दर दोन तारांमध्ये एक ग्राउंड, संदेश एकमेकांत मिसळू नयेत म्हणून. आता पट्टीवर तेरा मोजून तेरावी पिन सापडत नाही. म्हणून मग कनेक्टरच रंगवले: निळा मदरबोर्डकडे, काळा टोकाला, करडा मध्ये. पहिल्या तारेची खूण मात्र कडेला तशीच राहिली.