मागच्या चाकाचा प्ले : एका दोषाच्या पत्त्याचा इतिहास

मोटारसायकल डबल स्टँडवर उभी करून तिचे मागचे चाक वरच्या आणि खालच्या कडेला धरले आणि आळीपाळीने आत-बाहेर ढकलले, की कधी कधी हाताला एक सैल हालचाल जाणवते. महाराष्ट्रातल्या गॅरेजांत तिला ‘प्ले’ म्हणतात. हबमधल्या दोन बेअरिंगांतले अंतर बोटभराचे आणि रिमची त्रिज्या हातभर, त्यामुळे बेअरिंगमधली केसभर झीज रिमवर कितीतरी पटींनी मोठी होऊन दिसते. लक्षण असे एकच असले, तरी ते उत्पन्न होण्याची जागा मोटारसायकलच्या प्रत्येक पिढीत बदलत गेली, आणि दोष शोधण्याची रीतही त्या बदलांच्या मागोमागच घडत गेली.

या दोषाची वंशावळ सायकलपासून सुरू होते. पॅरिसचा सायकल-कारागीर ज्यूल सुरिरे याने 1869 साली चाकाच्या आसासाठी छऱ्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जेम्स मूर याने तशी बेअरिंगे बसवलेल्या सायकलवर पॅरिस ते रूआँ ही शर्यत जिंकली. श्वाइनफुर्टच्या फ्रीड्रिख फिशरने 1883 मध्ये पोलादी छर्रे एकसारख्या मापाचे घासून काढणारे यंत्र तयार केले, तेव्हा ही चैन न राहता सर्वसामान्य सोय झाली. या रचनेत हबमध्ये वाटी, आसावर आट्यांनी फिरणारा कोन आणि दोहोंमध्ये छर्रे असत. प्ले आला की कोन पाव फेरा आवळायचा, फार आवळला तर चाक जड फिरे आणि छऱ्यांना खड्डे पडत. सैल आणि घट्ट यांच्यामधली ती नेमकी जागा कारागिराच्या बोटांनाच ठाऊक असे.

मोटारसायकलचे वजन आणि वेग वाढू लागले, तशी वाटी-कोनाची जागा खोल खोबणीच्या बॉल बेअरिंगांनी घेतली. बाहेरचे कडे हबमध्ये ठोकून घट्ट बसवायचे आणि आतल्या कड्यातून एक्सल घालायचा, अशा या बेअरिंगला जुळवणी नसते; ते झिजले की बदलावेच लागते. जर्मनीच्या बी. एम. डब्ल्यू. कंपनीने मात्र आपल्या अनेक मॉडेलांत निमुळत्या रोलरांची बेअरिंगे दीर्घकाळ वापरली आणि योग्य जाडीचे कडे निवडून त्यांचा ताण ठरवण्याची पद्धत चालू ठेवली. जुळवणीची जुनी कला तिथे अधिक काटेकोर रूपात टिकली, असे म्हणता येईल. तरीही मागची चौकट ताठ होती तोवर प्लेचा पत्ता मुख्यतः हबमध्येच सापडे. फार तर सैल तारा किंवा न आवळलेला एक्सलचा नट तपासला की काम भागे.

मागच्या चाकाला स्प्रिंग आली आणि हे सोपेपण संपले. ब्रिटनच्या ट्रायम्फ कंपनीचा एडवर्ड टर्नर याने दुसऱ्या महायुद्धानंतर बाजारात आणलेल्या ‘स्प्रंग हब’मध्ये एक्सल चौकटीला पक्का असे, आणि दाबलेल्या स्प्रिंगा खुद्द हबच्या पोटात बसवून चाकाला सुमारे दोन इंच वर-खाली होऊ दिले जाई. आतली सरकती जोडणी झिजली की चाक बाजूला डुलू लागे आणि वेगात गाडी वळवळे. पण हब उघडणे धोक्याचे होते, कारण स्प्रिंगा उसळून इजा होण्याची भीती असे, आणि तसा इशारा हबच्या धातूवरच कोरलेला होता. दोष हाताला लागत होता आणि तिथवर हात पोहोचत नव्हता, ही त्या रचनेची खरी उणीव मानावी लागते. ट्रायम्फने 1954 साली आपल्या काही गाड्यांना मागे झुलता दांडा, म्हणजे स्विंग आर्म, दिला. त्याआधी बेलफास्टच्या मॅककँडलेस बंधूंनी नॉर्टन कंपनीसाठी केलेल्या ‘फेदरबेड’ चौकटीने 1950 च्या आइल ऑफ मॅन शर्यतींत त्याची योग्यता सिद्ध केली होती.

स्विंग आर्मचे पुढचे टोक चौकटीला ज्या खिळीवर झुलते, तिथे बुश असतात आणि तेही झिजतात. आजही वापरात असलेली परीक्षा या दुहेरी शक्यतेतूनच आली आहे. एका हाताने रिम हलवायची आणि दुसऱ्या हाताचे बोट हब व स्विंग आर्म यांच्यामधल्या फटीवर टेकवायचे. फट उघडझाप करत असेल तर बेअरिंग गेलेले असते, आणि चाक व आर्म एकजुटीने हलून ‘टक’ असा धक्का पुढच्या खिळीपाशी जाणवत असेल तर बुश गेलेले असतात. शंका उरली तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर सोडून नुसता आर्म आडवा हलवून पाहतात.

भारतात 1955 पासून मद्रासला बुलेट आणि 1961 पासून म्हैसूरला जावा तयार होऊ लागल्या, तेव्हा स्विंग आर्मची ही रचना इथल्या गॅरेजांत पोहोचली आणि सायकलीच्या फोर्कचे ‘चिमटा’ हे नाव तिलाही चिकटले. पुण्याजवळ आकुर्डीला पूर्वी बनणाऱ्या बजाज स्कूटरचा प्रश्न मात्र वेगळा होता. तिचे मागचे चाक थेट गिअरबॉक्समधून आलेल्या दातेरी दांड्यावर बसते आणि इंजिनच चौकटीला झुलते, त्यामुळे तिथे हबचा नट, त्याखालचे दाते, दांड्याचे बेअरिंग आणि इंजिनचे रबरी बुश असे चार संशयित एकापाठोपाठ तपासावे लागतात.

दुरुस्तीच्या इतिहासात सर्वाधिक दुर्लक्षित राहिलेला भाग म्हणजे दोन बेअरिंगांमधली नळी, स्पेसर. तो हरवला किंवा घासून आखूड झाला, तर एक्सल आवळताच आतली कडी एकमेकांकडे ओढली जातात, छर्रे खोबणीच्या काठावर चढतात आणि नवे बेअरिंगही अल्पावधीत खराब होते. अशा वेळी वारंवार बेअरिंग बदलणारा कारागीर दोषाऐवजी त्याच्या परिणामावरच उपचार करत असतो. बेअरिंगांची मापे प्रमाणित झाल्यामुळे ही चूक करणे स्वस्तही झाले आहे: 6203 हा आकडा सांगितला की 17 मिलिमीटर भोक, 40 मिलिमीटर बाहेरचा व्यास आणि 12 मिलिमीटर रुंदी हे माप कोणत्याही गावी मिळते. बेअरिंगाची हबमधली बैठक मात्र अशी आकड्याने मागवता येत नाही. ती सैल झाली, की बैठकीवर पंचाने ठिपके उठवून बेअरिंग अडकवण्याची रीत रूढ आहे, परंतु ते ठिपके लवकर दबतात आणि प्ले परततो. चांगला कारागीर हब लेथवर धरून बोअर मोठे करतो, त्यात स्लीव्ह ठोकतो, स्लीव्हला पुन्हा 40 मिलिमीटरला किंचित कमी असे माप देतो आणि मग हब तापवून बेअरिंग बाहेरच्या कड्यावर दाब देऊन बसवतो.