नळाचे पाणी आणि दम्याचा श्वास

दम्याचा रोगी मध्यरात्री अंथरुणात उठून बसतो, खांदे उचलून एकेक श्वास ओढू लागतो, तेव्हा घरात कोणाच्याच डोळ्याला डोळा लागत नाही. हा श्वास अडतो कोठे, या प्रश्नाच्या उत्तराची एक वाट लंडनच्या नळाच्या पाण्यापासून निघते, असे म्हटले तर आपणांस नवल वाटेल.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील डॉ. सिडनी रिंगर बेडकाचे हृदय क्षारांच्या द्रावणात ठेवून त्याची धडधड तपाशीत असत. १८८२ साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मागाहून ध्यानात आले की, द्रावणाचे पाणी ऊर्ध्वपातित नव्हते, न्यू रिव्हर कंपनीच्या नळाचे होते. शुद्ध पाणी घेताच हृदय लवकरच थांबले. नळाच्या पाण्यातील चुन्याचा अंश, म्हणजे कॅल्शियम, हाच तो फरक होता. आपली चूक रिंगर यांनी १८८३ मध्ये स्वतःच छापून कबूल केली.

श्वासनलिकांभोवतीही स्नायूंचे वेढे असतात. त्यांच्या पेशींत कॅल्शियम वाढले की ते आवळतात. सूक्ष्म पंपांनी ते उपसून पेशीतल्या कोठारात भरले की सैल पडतात. हे कोठार उघडविणारा रासायनिक निरोप्या, इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेट, १९८३ साली ओळखला गेला. रिंगर यांच्या कबुलीला तेव्हा शंभर वर्षे झाली होती.

परंतु जो प्राणवायू आपण जगण्यासाठी घेतो, त्याचीच उग्र रूपे या व्यवस्थेवर उलटतात. प्राणवायूच्या विषारीपणामागे अशीच रूपे असावीत, असे रिबेका गर्शमन व सहकाऱ्यांनी १९५४ साली मांडले. १९६९ मध्ये मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी त्यांपैकी एकाला शमविणारे शरीरातील विकर शोधून काढले. तंबाखूचा धूर, ओझोन वायू आणि नलिकेचा दाह यांमुळे ही रूपे वाढतात. लोखंडावर गंज चढावा, तसा पंपांतील गंधकयुक्त भागांवर त्यांचा परिणाम होतो. पंप मंदावला की कॅल्शियम पेशीत रेंगाळते आणि आवळलेला स्नायू सहजी सुटत नाही. दम्याचे हे एकमेव कारण नव्हे. पण धुराने दमा का चिघळतो, याचा काही उलगडा यातून होतो.

हृदय चालते ठेवणारा चुन्याचा अंशच श्वासाची वाटही आवळू शकतो. हे कळण्याचा आरंभ एका चुकीतून झाला. रिंगर यांनी ती झाकली असती, तर ही वाट किती काळ बंद राहिली असती, कोण जाणे! आपल्या हाती तूर्त एवढेच आहे की, दमेकऱ्याच्या उशाशी विडी पेटवू नये.