डार्विनच्या कुंड्या

फुलांना गोत्र असते काय, असा प्रश्न कोणी या मांडवात विचारला तर श्रोते हसतील. परंतु सोयरीक घरात करावी की बाहेर, हा प्रश्न माणसाइतकाच वनस्पतींनाही पडलेला आहे आणि त्याचे उत्तर शोधण्यात एका थोर शास्त्रज्ञाने आयुष्याची अकरा वर्षे घालविली. ती कथा आज आम्हांस सांगावयाची आहे.

बहुसंख्य फुलांत पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकाच पाकळ्यांच्या घरात नांदतात. तेव्हा फुलाचे पराग त्याच्याच कुक्षीवर पडावेत आणि बी धरावे, यापरती सोपी व्यवस्था कोणती? पूर्वीच्या अभ्यासकांची समजूत साधारण अशीच होती. तिला पहिला मोठा धक्का दिला तो बर्लिनजवळच्या स्पांडाऊ येथील एका शाळेचे मुख्याध्यापक श्प्रेंगेल यांनी. कित्येक फुलांत पुंकेसर आधी पिकतात व कुक्षी मागाहून तयार होते, म्हणजे एकाच घरात राहूनही दोघांची गाठ पडत नाही, हे त्यांनी बारकाईने पाहिले. फुलाचा रंग, मध आणि पाकळ्यांवरील खुणा ही सारी कीटकांना दिलेली आमंत्रणे आहेत, असे त्यांनी १७९३ साली ग्रंथ लिहून सांगितले. समकालीनांनी तिकडे फारसे लक्ष दिले नाही. पुढे १८४१ साली रॉबर्ट ब्राउन यांच्या सल्ल्यावरून तो ग्रंथ चार्ल्स डार्विन यांच्या हाती पडला आणि बीज योग्य भूमीत रुजले.

येथे एक घरगुती गोष्ट सांगितली पाहिजे. डार्विन यांनी १८३९ साली एमा वेजवुड यांच्याशी विवाह केला. एमा या त्यांच्या सख्ख्या मामाच्या कन्या. मामेबहिणीशी लग्न ही महाराष्ट्रातील अनेक घराण्यांना परकी गोष्ट नाही; मामाची मुलगी म्हणजे हक्काची, असे मानणारी कुटुंबे आपण पाहिलेली आहेत. या दांपत्याला दहा अपत्ये झाली. त्यांपैकी तीन बालपणीच गेली. लाडकी ॲनी १८५१ साली दहा वर्षांची असताना वारली. आपल्या मुलांच्या प्रकृतीला आपलेच नाते तर नडले नाही ना, ही शंका बापाच्या मनाला डाचत राहिली. १८६२ साली ऑर्किडांवरील ग्रंथाच्या शेवटी त्यांनी जवळच्या नात्यातील विवाहांचा उल्लेख केला, तो उगाच नव्हे.

मात्र शंका आली म्हणून त्यांनी निकाल दिला नाही. त्यांनी बी पेरले. एका रानफुलाच्या स्वपरागी आणि परपरागी बियांचे दोन वाफे शेजारी शेजारी लावले असता परपरागी रोपे उघडच उंच व जोमदार निघाली. त्यावरून डाउन येथील घरी मोठे प्रयोग सुरू झाले. कीटक येऊ नयेत म्हणून झाडांवर जाळी घालावयाची, पराग स्वतःच्या हाताने द्यावयाचे, बी ओल्या वाळूत रुजवावयाचे आणि एकाच वेळी उगवलेली दोन रोपे, एक स्वपरागी व एक परपरागी, एकाच कुंडीच्या दोन बाजूंस लावावयाची. माती तीच, पाणी तेच, ऊन तेच. अशा ५७ जातींची परीक्षा झाली. आपल्या गणेशवेलीच्या कुळातील एका वेलीच्या तर दहा पिढ्या वाढविल्या. परपरागी वेलींची सरासरी उंची १०० धरली तर स्वपरागी वेलींची ७७ भरली.

येथे थांबले असते तर बापाची शंका खरी ठरून विषय संपला असता. पण सहाव्या पिढीत एका स्वपरागी वेलीने आपल्या प्रतिस्पर्ध्याला अर्ध्या इंचाने मागे टाकले! डार्विन यांनी ही अडचणीची वेल उपटून फेकली नाही. तिचे नाव ‘वीर’ ठेवले, तिची संतती वाढविली, तीही जोमदार निघाल्याचे ग्रंथात नमूद केले. आणखीही एक गोष्ट दिसली. एकाच जागी पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या वेलींचा आपापसांत संकर करण्यापेक्षा दूरच्या बागेतील वेलीचे पराग आणले की संतती कितीतरी सरस होई. म्हणून १८७६ च्या ग्रंथात त्यांनी सांगितले की, गुण नुसत्या संकरात नाही; दोन जनकांच्या प्रकृतींतील भेदात आहे.

माणसांविषयीही त्यांनी हीच वाट धरली. १८७१ च्या खानेसुमारीत चुलत-मामे भावंडांच्या विवाहांची विचारणा व्हावी, असा त्यांनी १८७० साली मित्राकरवी पार्लमेंटात प्रयत्न केला; तो फेटाळला गेला. पुढे पुत्र जॉर्ज यांनी १८७५ साली स्वतः आकडे गोळा केले. भीती वाटत होती तितकी हानी त्यांत आढळली नाही.

कारण मात्र डार्विन यांस उमगले नाही. ते दडले होते मेंडेल यांच्या १८६६ च्या निबंधात. हानिकारक गुण एकेरी असता बहुधा झाकून राहतो. जवळच्यांच्या संयोगात दोन्हीकडून तोच आला की उघडा पडतो. मौज अशी की, मेंडेल यांनी वाटाणा निवडला तो स्वपरागी म्हणूनच. ज्यात एकाला दोष दिसला, त्याच गुणामुळे दुसऱ्याला शुद्ध वाण लाभले.

आणि स्वपरागीभवन हा निव्वळ दोष तरी कसा म्हणावा? भात, गहू, हरभरा ही आपली पिके बहुतांशी स्वपरागी आहेत; म्हणून तर शेतकऱ्याचे घरचे बी पुढल्या वर्षी तसेच उगवते. मक्याचे मात्र तसे नाही. शिवाय भुंगा न आला, वा एकच बी दूरच्या बेटावर जाऊन पडले, तरी स्वपरागी झाडाचा वंश चालतो. निसर्गाने दोन्ही वाटा उघड्या ठेवल्या आहेत: एक जोमाची, दुसरी खात्रीची.

आपल्या घरच्या दुःखाशी निगडित प्रश्न कुंडीत पेरावा, अकरा वर्षे पाणी घालावे आणि जे उगवेल ते, आपल्या विरुद्ध गेले तरी, मोजून लिहावे. डार्विन यांच्या ग्रंथांतून घेण्यासारखा याहून मोठा धडा आम्हांस दिसत नाही.