लिंबातला क्षार आणि रक्ताची साठवण

रक्तदान शिबिरात दात्याच्या खाटेशेजारी ठेवलेली पिशवी रिकामी असते, असा आमचाही पुष्कळ दिवस समज होता. वस्तुतः ३५० मिलिलिटर रक्तासाठी सिद्ध केलेल्या नेहमीच्या पिशवीत ४९ मिलिलिटर द्रावण आधीच भरलेले असते. त्यातील सायट्रेट वगळले, तर रक्त काही मिनिटांतच गोठेल आणि रक्तपेढी ही संस्थाच अशक्य होईल. या साध्या क्षाराला रक्तापर्यंत पोहोचण्यास मात्र एकशे तीस वर्षे लागली.

स्वीडनमधील औषधविक्रेता कार्ल विल्हेल्म शेले याने १७८४ साली लिंबाच्या रसातून सायट्रिक अम्ल स्फटिकरूपात वेगळे केले. त्याची युक्ती अशी होती : रसात चुन्याचा क्षार मिसळला की त्यातील कॅल्शियम अम्लाशी जखडले जाते व कॅल्शियम सायट्रेटचा साका तळाशी बसतो. त्यावर गंधकाम्लाची क्रिया केली की शुद्ध अम्ल मोकळे होते. सायट्रेट आणि कॅल्शियम यांची ही ओढ शेलेने अम्ल मिळवण्यासाठी वापरली. हीच ओढ पुढे माणसाचे प्राण वाचवील, याची कल्पना त्या काळी कोणाला असणे शक्य नव्हते.

विसाव्या शतकाच्या आरंभी रक्त देणे हे शल्यविशारदाचे अवघड काम होते. कार्ल लँडस्टायनर याने १९०१ साली रक्तगटांचा शोध प्रसिद्ध केला होता. पण गोठण्याचा प्रश्न तसाच होता. त्यामुळे दात्याला रुग्णाशेजारी निजवून त्याची धमनी रुग्णाच्या शिरेला जोडावी लागे. अलेक्सिस कॅरेल याने १९०८ साली न्यूयॉर्कमध्ये एका नवजात बालिकेला तिच्या पित्याचे रक्त असेच रक्तवाहिन्या शिवून दिले. किती रक्त गेले हे मोजता येत नसे, आणि दात्याची धमनी कायमची निकामी होई.

रक्त गोठण्यासाठी कॅल्शियम लागते, हे फ्रान्समध्ये आर्थुस आणि पाजेस यांनी १८९० साली दाखवले होते. सायट्रेटच्या रेणूत अम्लधर्मी गट तीन असतात. ते कॅल्शियमला जणू चिमट्यात धरतात. रक्तात त्याचा साका बसत नाही, पण गोठण्याच्या क्रियेला कॅल्शियम मोकळे सापडत नाही. प्रयोगशाळेत नळीतले रक्त पातळ ठेवण्यास हा क्षार सर्रास वापरला जाई. माणसाच्या शिरेत तो सोडण्याचे धैर्य मात्र होत नव्हते. कारण हृदयालाही कॅल्शियम लागते.

१९१४ साली ही भीती ओलांडली गेली. मार्चमध्ये ब्रुसेल्सला आल्बेर ह्यूस्तँ याने आणि नोव्हेंबरमध्ये ब्वेनोस आयरेसला लुईस अगोते याने सायट्रेट मिसळलेले रक्त रुग्णांना दिले. न्यूयॉर्कच्या रिचर्ड लुइसन याने १९१५ मध्ये नेमके प्रमाण ठरवले. प्रयोगशाळेत एक टक्का सायट्रेट घेत, त्याने ०.२ टक्केच पुरे असल्याचे सिद्ध केले. या प्रमाणात रक्तही गोठत नव्हते आणि रुग्णालाही अपाय होत नव्हता. आमच्या मते या इतिहासाचे मर्म येथेच आहे. द्रव्य जुने होते, गुणही ठाऊक होता. उणीव होती ती मात्रेच्या विवेकाची.

त्यानंतर दाता आणि रुग्ण यांच्यात प्रथमच अंतर पडू शकले. पेटन राउस आणि टर्नर यांनी १९१६ साली सायट्रेटला ग्लुकोजची जोड देऊन रक्तपेशी कित्येक दिवस टिकवून दाखवल्या. लगेच १९१७ साली पहिल्या महायुद्धात ऑस्वाल्ड रॉबर्टसन या सैनिकी डॉक्टराने पश्चिम आघाडीवर रक्ताच्या बाटल्या बर्फात साठवून जखमींसाठी तयार ठेवल्या.

तरीही सायट्रेटवरचा संशय संपला नाही. असे रक्त दिल्यावर कित्येक रुग्णांना हुडहुडी भरून ताप येई. दोष क्षाराला दिला गेला, आणि अनेक रुग्णालये पुन्हा जुन्या पद्धतीकडे वळली. अखेर १९३३ साली लुइसन आणि रोझेन्थाल यांनी दाखवून दिले, की कारण सायट्रेट नसून उपकरणांच्या व पाण्याच्या स्वच्छतेतील त्रुटी हे होते. नळ्या व बाटल्या काटेकोरपणे स्वच्छ करताच ताप जवळजवळ नाहीसा झाला. निरपराध द्रव्यावरचा आळ दूर होण्यास अठरा वर्षे लागली.

पुढे १९३७ साली हान्स क्रेब्स याने पेशींतील ऊर्जाचक्र उलगडले, तेव्हा सायट्रेट त्या चक्राचाच एक टप्पा असल्याचे कळले. म्हणजे ज्याला शरीराने परके मानावे अशी भीती होती, ते शरीराच्या घरचेच निघाले. बाहेरून आलेले सायट्रेट मुख्यतः यकृत पचवून टाकते. मात्र अल्पावधीत पुष्कळ रक्त द्यावे लागले तर डॉक्टर आजही कॅल्शियमवर लक्ष ठेवतात व गरज पडल्यास ते शिरेतून देतात. मात्रेचा तो विवेक अजून सुटलेला नाही. पिशवीतले ते ४९ मिलिलिटर द्रावण आहे म्हणूनच आज एका गावी दिलेले रक्त पस्तीस दिवसांपर्यंत दुसऱ्या गावी कोणा अनोळखी रुग्णाच्या कामी येते. शिबिरात खाटेवर पडल्या पडल्या शेलेच्या लिंबाची आठवण ठेवावी, एवढे ऋण आपल्यावर खचितच आहे.