पैज जिंकल्यानंतरचा प्रश्न : जोसेफ वायझेनबाउम आणि त्यांची एलायझा

जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचे 'पिग्मॅलियन' (१९१३) मराठी रसिकांस मुख्यतः 'ती फुलराणी'मुळे परिचित आहे. पु. ल. देशपांडे यांचे हे रूपांतर १९७५ साली रंगभूमीवर आले. शॉची एलायझा डूलिटल काय किंवा पु.लं.ची मंजुळा काय, या फूलवालीला प्रतिष्ठितांच्या मेळाव्यात खपेल अशी भाषा शिकवून दाखवण्याची पैज एक भाषातज्ज्ञ घेतो. पैज जिंकली जाते. पण नाटक तिथे संपत नाही. अशा रीतीने घडवलेल्या या मुलीचे पुढे काय, हा प्रश्न पैजेच्या अटींत कुठेच नव्हता, आणि नाटकाचा प्राण तर त्याच प्रश्नात आहे.

'ती फुलराणी'च्या नऊ वर्षे आधी, १९६६ साली, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत जोसेफ वायझेनबाउम यांनी आपल्या एका संगणकीय आज्ञावलीला याच एलायझाचे नाव दिले. तिची भाषा शिकवणीने सुधारत नेता येईल, हे त्यामागचे कारण. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रत्येक चर्चेत या एलायझाचा उल्लेख येतो. मात्र तिच्या कर्त्याने पुढे चाळीस वर्षे जो विचार मांडला त्याकडे आमच्या मते पुरेसे लक्ष गेलेले नाही. तो विचार पैज जिंकल्यानंतरच्या प्रश्नाचाच आहे.

वायझेनबाउम यांचा जन्म १९२३ सालचा, बर्लिनमधल्या एका ज्यू कुटुंबातला. १९३६ साली नाझी राजवटीतून निसटून हे कुटुंब अमेरिकेत आले. गणिताचे शिक्षण घेऊन वायझेनबाउम संगणकाच्या क्षेत्रात शिरले आणि विद्यापीठात अध्यापक होण्यापूर्वी जनरल इलेक्ट्रिक या कंपनीत 'एर्मा' या प्रकल्पावर त्यांनी काम केले. कॅलिफोर्नियातील बँक ऑफ अमेरिकेपुढे त्या काळी धनादेशांचा डोंगर उभा होता. दिवसाच्या नोंदी पुऱ्या करण्यासाठी शाखांना दुपारी दोनलाच दारे लावावी लागत. एर्माने हा प्रश्न सोडवला. त्यासाठी दोन गोष्टी कराव्या लागल्या. यंत्राला वाचता येतील असे चुंबकीय शाईचे आकडे धनादेशाच्या तळाशी छापले गेले. भारतातल्या धनादेशांवरही पुढे त्याच वळणाचे आकडे आले. दुसरी गोष्ट म्हणजे, तोवर नावांच्या वर्णानुक्रमाने लावलेल्या खात्यांना क्रमांक देण्यात आले. माणसाच्या नावाने ओळखले जाणारे खाते आता अंकाने ओळखले जाऊ लागले. आज ज्याला आपण डिजिटल व्यवसाय म्हणतो त्याच्या आरंभीच्या पायऱ्यांपैकी ही एक.

या कामाविषयी वायझेनबाउम यांनी १९८५ सालच्या एका मुलाखतीत जे सांगितले ते मननीय आहे. अवघड कोडे सोडवण्यात विलक्षण मौज होती, आणि आपण करतो आहोत त्याचे काही सामाजिक परिणाम होतील हे तेव्हा मनातही आले नाही, असे ते म्हणतात. त्यापुढचा त्यांचा मुद्दा अधिक मूलगामी आहे. संगणकाने बँकव्यवहारात क्रांती केली असे वरवर दिसते. परंतु संगणक नसता तर वाढत्या व्यवहारापुढे बँकांना स्वतःची रचनाच बदलावी लागली असती, कदाचित विकेंद्रित व्हावे लागले असते. तांत्रिक शोध हाताशी आला म्हणून सामाजिक शोधाची गरज टळली. या अर्थाने संगणक ही क्रांतिकारक नव्हे, तर स्थितिशील शक्ती ठरली. क्रांतीचे यंत्र म्हणून ज्याचा गौरव होतो, ते मोडकळीस आलेल्या व्यवस्थांना टेकू देणारे यंत्र आहे, हा निष्कर्ष ते बांधणाऱ्यांपैकीच एकाने काढावा, यात त्याचे वजन आहे.

आता एलायझाकडे वळू. तिची घडण सांगायला सोपी आहे. समोरच्याने टंकलेल्या वाक्यातला एखादा कळीचा शब्द हेरायचा, 'माझा'चे 'तुमचा' करायचे, आणि ते तुकडे ठरावीक साच्यात बसवून प्रश्न परत फेकायचा. कोणी आईचा उल्लेख केला, तर 'तुमच्या कुटुंबाविषयी आणखी सांगा' असे म्हणायचे. काहीच सापडले नाही तर 'पुढे सांगा' आहेच. वायझेनबाउम यांनी तिला मानसोपचारतज्ज्ञाची भूमिका दिली तीही हिशेबाने. रुग्णाचेच शब्द त्याला परत ऐकवणारा उपचारक जगाविषयी काहीच न जाणता बोलू शकतो, आणि त्याच्या अज्ञानाचा कोणाला संशय येत नाही.

पुढे जे घडले त्याने तिचा कर्ता हादरला. ही आज्ञावली घडताना महिनोन्महिने पाहिलेली त्यांची सचिव तिच्याशी दोनचार वाक्ये बोलली आणि त्यांनाच खोलीबाहेर जाण्याची विनंती करू लागली. बोलणे खाजगी होते! त्याच सुमारास स्टॅनफर्ड येथील मानसोपचारतज्ज्ञ केनेथ कोल्बी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा आज्ञावलींद्वारे तासाला शेकडो रुग्ण हाताळता येतील अशी शक्यता मांडली. उपचारकांची टंचाई ही 'समस्या', यंत्र हे तिचे 'उत्तर'. वायझेनबाउम यांना प्रश्न पडला की, ज्या वैद्याला आपल्या कामाची जागा असे यंत्र घेऊ शकेल असे वाटते, त्याने ते काम आधीच कशात जमा केलेले असते?

या प्रश्नातून १९७६ साली त्यांचा ग्रंथ आला. शीर्षकात त्यांनी संगणकाची शक्ती आणि मानवी विवेक समोरासमोर ठेवले. निर्णय आणि निवड यांतला भेद हा त्याचा गाभा. निर्णय हिशेबाने काढता येतो. निवडीला मात्र जगलेले आयुष्य लागते, आणि तिची जबाबदारी कोणालातरी घ्यावी लागते. न्यायाधीशाला असे काय ठाऊक असते जे संगणकाला सांगता येणार नाही, असा जॉन मॅकार्थी यांचा सवाल त्यांनी नोंदवला आहे. मॅकार्थी यांचे उत्तर होते, काहीच नाही. वायझेनबाउम यांचा आक्षेप क्षमतेवर नव्हताच. यंत्राला जमले तरी काही कामे त्याच्याकडे सोपवू नयेत, असे त्यांचे म्हणणे. मॅकार्थी यांनी या ग्रंथाचे कठोर परीक्षण करून त्यातील नीतिवादावर टीका केली.

ती टीका झटकून टाकण्याजोगी नाही, हे आम्हीही मान्य करतो. ज्या गावात मानसोपचारतज्ज्ञ पोहोचतच नाही, तिथल्या व्याकूळ माणसाला 'यंत्राशी बोलू नकोस, व्यवस्था बदलण्याची वाट पाहा' असे सांगणे क्रूरपणाचे होईल. त्याची रात्र आजची आहे. वायझेनबाउम यांच्या लेखनात या माणसासाठी थेट उत्तर सापडत नाही. मात्र वैद्य तिथे का पोहोचला नाही, हा प्रश्न यंत्र आल्यावर विचारण्याचे कारणच उरत नाही, हा धोका त्यांनी अचूक ओळखला. त्याच मुलाखतीत शिक्षणाचे उदाहरण आहे. संगणकामुळे मुलाचे वाचनाचे गुण कदाचित वाढतील. पण ते मूल वाचायला का शिकत नाही, ते उपाशीपोटी शाळेत येते का, त्याच्या भोवतालच्या जगण्यात वाचनाला काही अर्थ आहे का, हे विचारणे त्यामुळे लांबणीवर पडते.

वायझेनबाउम १९९६ साली बर्लिनला परतले आणि २००८ साली निवर्तले. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांपुढे आले. त्याची घडण एलायझापेक्षा सर्वस्वी निराळी, अफाट मजकुरातून शिकलेली. तरीही ऐकून घेणारे कोणीतरी समोर आहे असे मानण्याची माणसाची ओढ तीच आहे. फरक इतकाच की, १९६६ साली ती एका प्राध्यापकाला अस्वस्थ करणारी गोष्ट होती, आज ती मासिक वर्गणी घेऊन विकली जाते.

साहित्य शिकवणाऱ्यांना हे परके वाटू नये. निबंध यंत्राने तपासावेत, ही सूचना आता कोणाला चमत्कारिक वाटत नाही. शंभर वह्यांचा गठ्ठा ही समस्या खरीच आहे, आणि यंत्र ती सोडवीलही. मात्र एका शिक्षकापुढे शंभर वह्या का आल्या, आणि विद्यार्थ्याने लिहिलेले कोणी वाचावे म्हणून लिहिले होते की गुणांसाठी, हे प्रश्न पैजेच्या अटींत नाहीत. ते शिक्षकानेच विचारावे लागतील.

एलायझाची हरवलेली मूळ संहिता २०२१ साली तिच्या कर्त्याच्या जतन केलेल्या कागदपत्रांत सापडली, आणि २०२४ च्या अखेरीस अभ्यासकांनी ती पुन्हा चालवून दाखवली. ती अजूनही समोरच्याचेच शब्द परत करते. शॉच्या एलायझाने आणि आपल्या मंजुळेने मात्र अखेरीस आपल्या गुरूला स्वतःचे शब्द ऐकवले होते.