'वन्स मोअर' नेमका कशाला मिळाला होता?

मार्च २०११. रोमचं ऑपेरा हाउस. इटलीच्या एकीकरणाला दीडशे वर्षं झाली म्हणून जुझेप्पे वेर्दीचा 'नाबुक्को' लावलाय. बॅबिलोनमध्ये कैद झालेल्या ज्यूंचं समूहगान, 'वा, पेन्सिएरो', संपतं आणि प्रेक्षक 'बिस! बिस!' म्हणून ओरडायला लागतात. 'बिस' म्हणजे आपला 'वन्स मोअर'. कंडक्टर रिकार्दो मुती प्रेक्षकांकडे वळतात, सरकारने कलासंस्थांच्या निधीला लावलेल्या कात्रीबद्दल चार शब्द सुनावतात आणि म्हणतात, पुन्हा करू, पण या वेळी तुम्हीही गा. थिएटर उभं राहून गातं. कोरसमधल्या बायकांच्या डोळ्यांत पाणी. याचा व्हिडिओ यूट्यूबवर आहे. ऑपेरातलं ओ की ठो कळत नसलं तरी अंगावर काटा येतो.

त्या रात्री थिएटरमध्ये बसलेल्या बहुतेकांच्या डोक्यात एक गोष्ट होती. इटलीत ती शाळेपासून कानावर पडते. गोष्ट अशी: ९ मार्च १८४२, मिलानचं ला स्काला थिएटर. मिलान तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात. 'नाबुक्को'चा पहिला प्रयोग. गुलाम ज्यू आपल्या हरवलेल्या मायभूमीची आठवण काढून गायला लागतात आणि प्रेक्षकांना उमगतं, अरे, हे तर आपणच! वन्स मोअर घ्यायला ऑस्ट्रियन पोलिसांची बंदी. पण लोक ऐकतच नाहीत, गाणं पुन्हा होतं, आणि त्या रात्री २८ वर्षांचा वेर्दी स्वातंत्र्यलढ्याचा संगीतकार होतो.

गोष्ट झकास आहे. अडचण एवढीच, की त्या रात्री असं काही घडल्याचा पुरावा सापडत नाही.

हे सांगणारा माणूस इटलीचा किंवा वेर्दीचा द्वेष्टा नाही. रॉजर पार्कर हा ब्रिटिश संगीत-अभ्यासक १९८०च्या दशकात 'नाबुक्को'ची चिकित्सक आवृत्ती तयार करत होता. चिकित्सक आवृत्ती म्हणजे काय, हे आपल्याकडे सांगणं सोपं आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या पोथ्या ताडून जे झालं, तसलंच काम. संगीतकाराच्या हातची मूळ प्रत, नक्कलकारांच्या प्रती, छापील आवृत्त्या, वादकांसमोर ठेवलेले कागद, सगळं शेजारी शेजारी मांडायचं आणि प्रत्येक स्वराला विचारायचं, तू इथे कसा आलास? हे करताना कृतीचा इतिहासही लिहावा लागतो. म्हणून पार्करने १८४२ सालची वर्तमानपत्रं काढली.

त्यांत वन्स मोअर आहे. पण तो 'वा, पेन्सिएरो'ला नाही. तो आहे शेवटाकडच्या 'इमेन्सो जेओवा' या प्रार्थनेला.

फरक बारीक वाटेल, पण ऑपेराची गोष्ट माहीत असेल तर तो बारीक नाही. ही प्रार्थना जवळपास वाद्यांशिवाय, नुसत्या माणसांच्या आवाजांत गायली जाते. आणि ती येते कधी? तर ज्यूंना कैद करणारा राजा नाबुक्को स्वतःच त्यांच्या देवाला शरण गेल्यावर. म्हणजे लोकांनी पुन्हा मागितलं ते जुलमी राजा आणि त्याची प्रजा एकाच देवापुढे एकत्र येतात तिथलं गाणं. यातून बंड काढायचं म्हटलं तर बरीच ओढाताण करावी लागेल.

मग ती दुसरी गोष्ट आली कुठून? वन्स मोअरचा तपशील पक्का झाला तो फ्रांको अब्बियाती याच्या १९५९मध्ये आलेल्या चार खंडी वेर्दी-चरित्रातून. म्हणजे प्रयोगानंतर एकशे सतरा वर्षांनी. चार खंड म्हटल्यावर कोण मूळ वर्तमानपत्र उघडून बघतं? पुढच्या लेखकांनी अब्बियातीवरून घेतलं, त्यांच्यावरून रेकॉर्डच्या कव्हरांनी, कव्हरांवरून आपण सगळ्यांनी. व्हॉट्सॲपच्या आधीही फॉरवर्ड होतेच.

पण सगळं खापर अब्बियातीवर फोडून चालणार नाही. या गाण्याभोवती वलय तयार करायला पहिला हातभार लावला तो खुद्द वेर्दीने.

१८७९मध्ये, म्हणजे पासष्टी ओलांडल्यावर, त्याने आपला प्रकाशक जुलिओ रिकोर्दी याला तरुणपणाची हकिगत सांगितली. ती अशी: १८४० साली दोन महिन्यांच्या आत दोन्ही मुलं आणि बायको गेली. त्या दुःखात एक विनोदी ऑपेरा लिहावा लागला, तो पडला. संगीत सोडायचं ठरवलं. ला स्कालाचा चालक मेरेल्ली याने जबरदस्तीने एक संहिता हातात कोंबली. घरी येऊन ती टेबलावर आपटली, तर ती नेमकी 'वा, पेन्सिएरो'च्या पानावर उघडली. ओळी वाचल्या, आणि झोप उडाली.

आता नोंदी बघा. मुलगी व्हिर्जिनिया गेली ऑगस्ट १८३८मध्ये, मुलगा इचिलिओ ऑक्टोबर १८३९मध्ये, पत्नी मार्गेरिता जून १८४०मध्ये. सुमारे दोन वर्षांचं दुःख वेर्दीने दोन महिन्यांत बसवलं होतं. आणि त्याआधी दहा वर्षं, १८६९मध्ये छापून आलेल्या मिकेले लेस्सोना याच्या पुस्तकात वेर्दीचीच हकिगत आहे, तिच्यात संहिता कोपऱ्यात फेकली जाते, पाच महिने तशीच पडून राहते, आणि काम सुरू होतं ते शेवटच्या प्रवेशापासून, अबिगाइल्लेच्या मृत्यूपासून. आपोआप उघडलेलं पान तिथे नाही.

वेर्दी खोटारडा होता का? मला तसं वाटत नाही. लेकरं आणि बायको गमावलेला माणूस चाळीस वर्षांनी तारखा मोजत बसत नाही. पण मधल्या काळात इटली एक देश झाला होता, वेर्दी १८६१च्या पहिल्या संसदेत बसून आला होता, १८७४मध्ये सिनेटर झाला होता, आणि 'वा, पेन्सिएरो' हे त्याचं सगळ्यांत लाडकं गाणं ठरलं होतं. त्यामुळे आठवणीतलं पान तिथेच उघडलं. 'मी आपला एक अडाणी शेतकरी' हेही तो असंच सांगायचा. मेरी जेन फिलिप्स-मॅट्झ यांनी चर्चच्या आणि गावच्या दप्तरांत वर्षानुवर्षं बसून १९९३मध्ये जे चरित्र लिहिलं, त्यात त्याचं घराणं जमीन बाळगणारं, खानावळ चालवणारं, बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी निघालं.

ऑपेराच्या आत डोकावलं तरी गंमत दिसते. 'वा, पेन्सिएरो'मध्ये कैदी फक्त रडतात. ते संपताच त्यांचा धर्मगुरू झक्कारिया येतो आणि हे काय बायकांसारखं रडणं चालवलंय, अशा सुरात त्यांना झापतो. ललकारी द्यायचं काम त्याचं. शिवाय हे कथानक मिलानच्या सरकारला नवं नव्हतं. याच राजावरचं नृत्यनाट्य ला स्कालामध्येच १८३८ साली होऊन गेलं होतं. आणि 'नाबुक्को' अर्पण कुणाला केलाय? ऑस्ट्रियाची राजकन्या आडेलाइड हिला. लोम्बार्डी-व्हेनेशियाच्या ऑस्ट्रियन व्हाइसरॉयची ही मुलगी. त्याच एप्रिलमध्ये तिचं लग्न झालं ते सार्डिनियाचा युवराज व्हित्तोरिओ एमानुएले याच्याशी, म्हणजे पुढे अखंड इटलीचा पहिला राजा झालेल्या माणसाशी. इतिहासाला सरळ रेषेत चालता येत नाही, ते असं.

त्या राजावरून दुसरी दंतकथा. 'विवा वेर्दी' ही भिंतींवर लिहिली जाणारी घोषणा म्हणजे 'व्हित्तोरिओ एमानुएले, रे द'इतालिया', इटलीचा राजा, या शब्दांच्या आद्याक्षरांचा सांकेतिक जयजयकार. ही घोषणा खरी आहे. पण ती १८५९च्या युद्धाच्या तोंडावरची. १८४२मध्ये ती शक्यच नव्हती, कारण सार्डिनियाच्या गादीवर तेव्हा त्याचा बाप होता; व्हित्तोरिओ एमानुएले राजा झाला १८४९मध्ये. तरी लोकप्रिय लेखांत दोन्ही गोष्टी एकाच रात्रीत कोंबलेल्या सर्रास सापडतात.

इथे थांबलो तर चित्र एकांगी होईल. अमेरिकन अभ्यासक फिलिप गॉसेट हा वेर्दीच्या चिकित्सक ग्रंथमालेचा प्रमुख संपादक. म्हणजे पार्करचं काम त्याच्याच देखरेखीखालचं. त्याचं म्हणणं होतं, की एका रात्रीचा वन्स मोअर खोटा ठरला म्हणून त्या काळच्या ऑपेरांतल्या समूहगानांना राजकीय अर्थच नव्हता, असं होत नाही. आणि याला पुरावा आहे. १८४६मध्ये नवे पोप पायस नववे यांनी राजकीय कैद्यांना माफी दिली. तेव्हा वेर्दीच्या 'एर्नानी'मध्ये सम्राट पाचव्या कार्लचं स्तवन होतं, त्यात कार्लच्या जागी पायसचं नाव घालून ते गायलं गेलं, आणि थिएटरांत जल्लोष झाला. हे वृत्तान्त त्याच वेळचे आहेत. मला यात दोघांचं भांडण कमी आणि हिशेबाची शिस्त जास्त दिसते. १८४२ला पुरावा नाही, तर नाही. १८४६ला आहे, तर आहे.

मराठी वाचकाला या काळाची तोंडओळख आहे ती मॅझिनीमुळे. सावरकरांनी लंडनमध्ये बसून त्याचं लेखन मराठीत आणलं, १९०७मध्ये ते पुस्तक निघालं, आणि तरुणांनी त्याची पारायणं केली. या मॅझिनीने १८३६मध्येच संगीतावर एक निबंध लिहून ठेवला होता: ऑपेरात एकट्यादुकट्या नायकनायिकांचे उसासे पुरे, कोरसला म्हणजे लोकांना पात्र करा. १८४८च्या उठावात त्याच्याच सांगण्यावरून वेर्दीने गोफ्रेदो मामेलीच्या शब्दांना चाल लावून पॅरिसहून पाठवली. ती पोचेपर्यंत ऑक्टोबर उजाडला आणि मिलान पुन्हा ऑस्ट्रियाच्या हातात गेलं होतं. जानेवारी १८४९मध्ये रोमला 'लेन्यानोची लढाई' आली, उघडउघड देशभक्तीची. तिचा अख्खा शेवटचा अंक पुन्हा करावा लागला. अख्खा अंक! राष्ट्रीय गोष्टच सांगायची तर ही सांगा ना. पण ती ऑपेरा आज फारशी कुणी लावत नाही आणि तिचं एकही गाणं रस्त्यावरचा माणूस गुणगुणत नाही. लोकांनी गाणं आधी निवडलं, इतिहास मागाहून जोडला.

'वा, पेन्सिएरो' देशाचं गाणं झालं, यात मात्र शंका नाही. वेर्दी २७ जानेवारी १९०१ला गेला. अंत्ययात्रा साधी, संगीताशिवाय, अशी त्याची इच्छा होती. महिन्याभराने त्याची आणि दुसऱ्या पत्नीची शवपेटी त्याने उतारवयातल्या संगीतकारांसाठी बांधलेल्या मिलानच्या घरात नेली, तेव्हा तोस्कानिनीच्या हाताखाली शेकडो गायकांनी हे गाणं म्हटलं आणि रस्त्यांवर अफाट गर्दी होती. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडलेलं ला स्काला मे १९४६मध्ये उघडलं, तेव्हाही तोस्कानिनीच, आणि कार्यक्रमात हे समूहगान होतंच. पुढे इटलीपासून उत्तर भाग तोडून मागणाऱ्या नॉर्दर्न लीग या पक्षाने हेच आपलं गीत केलं. ज्या गाण्याने म्हणे देश जोडला, तेच देश तोडायच्या सभांत. पार्करच्या शोधाने कुणाचं काही बिघडणार असेल तर ते अशांचं. गाण्यातला एकही स्वर त्यामुळे हलत नाही.

आणि हे संशोधन नुसतं हिसकावून घेतं असंही नाही. ११ मार्च १८६७ला पॅरिस ऑपेरात 'डॉन कार्लोस' आली. तालमींत लक्षात आलं की खेळ फारच लांबतोय; प्रेक्षकांची उपनगरात जाणारी शेवटची गाडी मध्यरात्रीनंतर लगेच सुटायची. (मुंबईकरांना हे समजावून सांगायला नको.) वेर्दीने पहिल्या प्रयोगाआधीच मोठमोठे तुकडे कापले. मूळ प्रतीतून ती पानं काढून टाकली गेली, आणि शंभर वर्षं सगळे धरून चालले की ते संगीत गेलं.

१९६९मध्ये डेव्हिड रोझेन या अमेरिकन अभ्यासकाने दाखवलं, की कंडक्टरच्या प्रतीत राजा आणि पोझा यांच्या द्वंद्वगीतातला एक कापलेला भाग पान दुमडून तसाच ठेवलेला आहे. मग समीक्षक अँड्र्यू पोर्टरने एकेका वादकाच्या सुट्या प्रती काढल्या. प्रयोगाच्या घाईत त्या नव्याने लिहायला वेळ कुणाला होता? कापलेली पानं कुठे चिकटवली होती, कुठे टाचणीने टोचली होती, कुठे सुईदोऱ्याने शिवून टाकली होती. व्हायोलिनचा कागद, बासरीचा कागद, गायकांचे कागद, असं एकेक उसवून जोडत गेल्यावर सुमारे २१ मिनिटांचं संगीत परत आलं. त्यात पहिल्या अंकाची सुरुवात आहे: फाँतेनब्लोच्या जंगलात, कडाक्याच्या थंडीत, युद्धाने गांजलेले लाकूडतोडे आणि त्यांच्या बायका. हे लोक दिसले की राणी पुढे आपलं प्रेम बाजूला सारून तहासाठी नको त्या लग्नाला 'हो' का म्हणते, ते समजतं. कापलेल्या रूपात तो होकार अधांतरी वाटायचा.

आता 'डॉन कार्लोस' लावणाऱ्या प्रत्येक थिएटरला ठरवावं लागतं, लाकूडतोडे ठेवायचे की नाहीत. ठेवले तर खेळ लांबतो, आणि शेवटच्या गाडीचा प्रश्न तसाच राहतो.